राइक्सम्युझियमची पुनर्रचना

जुन्या संग्रहालयाचा विस्तार म्हटला की शेजारी नवी इमारत उभारावयाची, अशी सर्वसाधारण समजूत असते. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने मात्र हवी असलेली जागा मुख्यत्वे वास्तूच्या पोटातूनच मिळविली.

पियेर काउपर्स या वास्तुशिल्पज्ञाने रचलेली ही वास्तू १८८५ मध्ये खुली झाली. मनोरे, रंगीत काचा आणि भिंतींवरील चित्रालंकार पाहून प्रॉटेस्टंट टीकाकारांना ती संग्रहालयापेक्षा कॅथलिक देवालयच अधिक वाटली. (टीका अगदीच निराधार नव्हती, काउपर्सची ख्याती चर्च बांधण्याबद्दलच होती.) मधल्या दोन मोठ्या चौकांतून आत उजेड येत असे. विसाव्या शतकात जागा अपुरी पडू लागली, तेव्हा हे चौक नव्या दालनांनी भरून टाकण्यात आले. चित्रालंकारांवर पांढरा रंग चढला. प्रत्येक बदल त्या त्या वेळी सोयीचाच होता, परंतु त्यांच्या बेरजेतून एक अंधारा चक्रव्यूह तयार झाला.

२००३ च्या अखेरीस मुख्य इमारत बंद झाली. क्रूझ व ऑर्तीझ या सेव्हिलच्या वास्तुशिल्पज्ञांनी चौकांतील भर काढून टाकली, तळ खाली नेला आणि दोन्ही चौक भुयारी मार्गाने जोडून त्यांचे एकच प्रवेशदालन केले. खरा तंटा उद्भवला तो या जोडणीच्या वरच्या बाजूस. इमारतीच्या मधोमध काउपर्सने सार्वजनिक रस्ता ठेवला होता आणि त्यावरून सायकलस्वारांची अखंड ये-जा असे. नव्या प्रवेशद्वारासाठी तो आक्रसणार, हे कळताच सायकलस्वारांच्या संघटनेने विरोध केला आणि आराखडा बदलावा लागला. विलंब झाला खरा. पण मूळ रचनेचा एक महत्त्वाचा अंश नागरिकांच्या हट्टामुळे वाचला, हेही मान्य करावयास हवे.

१३ एप्रिल २०१३ रोजी संग्रहालय पुन्हा खुले झाले. रेम्ब्रांटचे ‘नाइट वॉच’ पूर्वीच्याच जागी परतले. इतर कलाकृतींची मांडणी मात्र बदलली. चित्र, शिल्प व गृहोपयोगी वस्तू कालक्रमानुसार एकत्र आल्या. काउपर्सचे चित्रालंकार निवडक भागांतच पुन्हा प्रकट झाले. अन्य दालनांच्या भिंतींना करडे रंग लाभले. हा संयम योग्यच होता, कारण सर्वत्र अलंकार आले असते तर चित्रांकडे कोणी पाहिले नसते.

बाहेर झालेली भर अल्प आहे. तीत पाण्याने वेढलेला एक छोटा आशियाई कलामंडप आहे. तमिळ देशातील चोळकालीन ब्राँझचा नटराज आता तेथे उभा आहे.