घर थंड हवे, अंधारे नको

उन्हाळा तापू लागला की यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून पुसदपर्यंत घरोघरी दुपारची दारे-खिडक्या लागतात. मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा ते योग्यच. पण दिवसभर काळोख केल्याने दुसरे प्रश्न उभे राहतात. म्हाताऱ्या माणसांचा पाय अडखळतो, धान्यातले खडे दिसत नाहीत.

अधिक जपायला हवे ते बाळंतिणीच्या खोलीत. नवजात बाळाची कावीळ कातडीच्या पिवळेपणावरून लक्षात येते आणि मिणमिणत्या दिव्यात तो कळत नाही. पहिला आठवडाभर बाळाला रोज सकाळी खिडकीपाशी, उजेडात पण उन्हात नव्हे, नीट पाहावे. पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा आला, तळहात-तळपाय पिवळे दिसले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

मग उजेड घेऊन ऊन कसे अडवावे? मेच्या उत्तरार्धात भरदुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो. म्हणून छप्पर फार तापते. पत्र्यावर किंवा स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरा रंग ऊन परतवतो. काचेचे कवेलू असल्यास त्यावरही चुन्याचा पातळ हात फिरवावा. उजेड राहतो, झळ कमी होते. दक्षिणेच्या खिडकीला या दिवसांत साधा छज्जाही पुरतो. खरा त्रास पश्चिमेचा, कारण उतरते ऊन छज्ज्याखालून आत शिरते. तेथे खिडकीपासून दोन हातांवर, चुलीपासून दूर, पऱ्हाट्यांचा कूड उभा करावा. बाजूने उजेड येत राहतो. आतला पडदा तितका उपयोगी नाही, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते. उत्तरेची खिडकी उजेडासाठी उत्तम. आतून भिंती पांढऱ्या असाव्यात.

घर पहाटे उघडावे, ऊन चढण्याआधी बंद करावे आणि रात्री बाहेर गारवा आल्यावर पुन्हा उघडावे. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर दमटपणा कोंडतो. त्याची टाकी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

उन्हाळ्यात बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळू नये. सहा महिन्यांपर्यंत त्याला वरचे पाणी नको. आईचे दूध वारंवार द्यावे. पाणी आईने भरपूर प्यावे.