ब्रेकचा इशारा-दिवा पेटत नसल्यास

नांदेड व लातूर जिल्ह्यांत सोयाबीन, तूर, हळद इत्यादी माल बाजारपेठेत नेण्याकरिता अनेक शेतकरी पिकअपसारखी लहान मालवाहू वाहने वापरतात. नांदेडहून लोहा, अहमदपूर व चाकूरमार्गे लातूरला जाताना बालाघाटच्या रांगेतील चढ-उतार लागतात. भरलेल्या वाहनाचा सर्व भार उतारावर ब्रेकवर येतो. म्हणून ब्रेकचा तांबडा इशारा-दिवा चालू स्थितीत असणे अगत्याचे आहे. दिवा पेटत नाही, म्हणून ब्रेक निर्दोष आहे, असा समज करून घेणे धोक्याचे होय.

दिव्याची रचना सोपी असते. बॅटरीचा प्रवाह फ्यूजमधून दिव्याकडे येतो. पुढे एक वायर हँडब्रेकच्या स्विचकडे व दुसरी ब्रेक ऑइलच्या टाकीतील तरंगत्या गोळ्याच्या स्विचकडे जाते. हँडब्रेक ओढला किंवा ऑइलची पातळी खाली गेली, की प्रवाह वाहनाच्या धातूच्या सांगाड्याला मिळतो व दिवा पेटतो.

तपासणीसाठी वाहन सपाट जागी उभे करावे व चाकांना दगड लावावेत. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी व हँडब्रेक ओढावा. इंजिन ऑइलचा व बॅटरीचा दिवाही पेटत नसेल, तर प्रथम फ्यूज पाहावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तितक्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. तांब्याची तार कदापि जोडू नये. तिच्यामुळे सर्व वायरिंग पेटण्याचा संभव असतो.

इतर दिवे पेटून ब्रेकचाच पेटत नसेल, तर दुसरी परीक्षा करावी. ज्या वाहनात गोळा टाकीच्या झाकणाला जोडलेला असतो, तेथे झाकण स्वच्छ पुसून अलगद वर उचलावे. गोळा खाली येताच दिवा पेटला, तर बल्ब व फ्यूज ठीक असून दोष हँडब्रेकच्या स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. दोन्ही प्रकारे दिवा न पेटल्यास बल्बचा संशय आधी घ्यावा, कारण दोन्ही स्विच एकाच वेळी बिघडणे विरळा.

हँडब्रेकच्या स्विचला एकच वायर असल्यास ती काढून सांगाड्याच्या स्वच्छ, रंग नसलेल्या भागास टेकवावी. दिवा पेटला, तर स्विच गंजलेला, चिखलाने भरलेला किंवा ढिला आहे. बल्ब ठीक असूनही दिवा न पेटल्यास वायर तुटलेली आहे. धान्याच्या कोठाराजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनाच्या वायरी उंदीर कुरतडतात, हेही ध्यानात ठेवावे. एबीएस असलेल्या नव्या वाहनांची अशी तपासणी मात्र जाणत्या मेकॅनिककडूनच करवून घ्यावी.

ऑइलची पातळी कमी आढळल्यास केवळ भर घालून थांबू नये. गळती किंवा झिजलेले ब्रेक-लायनर ही त्याची कारणे असतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचेच ब्रेक ऑइल घालावे. इंजिन ऑइल घातल्यास रबरी वायसर फुगून ब्रेक निकामी होतात.

दिवा दुरुस्त झाल्यावरही, माल भरून निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल दाबून पाहावे. ते खाली बसत असेल किंवा मऊ लागत असेल, तर वाहन रस्त्यावर आणू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सुगीपूर्वी वाहनधारकांना एकत्र बोलावून ही तपासणी प्रत्यक्ष करून दाखवावी.