घड्याळाला न कळणारा धावपटू

माझा भाचा जिल्ह्याच्या स्पर्धेत पंधराशे मीटर जिंकून आला, तरी हिरमुसलेला. ‘वेळ साधारण आहे, पुढे काही होणार नाही,’ असं मैदानावर कुणीतरी बोललं होतं. ‘मामू, मग मी जिंकलो की हरलो?’ त्याचा प्रश्न.

मंडळी, अजिंक्यपदाच्या शर्यतीत झगडा घड्याळाशी नसतो, सोबतच्यांशी असतो. पुढे धावणारा वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने दम राखतात. म्हणून सगळेच जपून धावतात आणि शेवटच्या फेरीत सुटतात. २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅथ्यू सेंट्रोविट्झने सुवर्ण मिळवलं, ते ३ मिनिटं ५० सेकंदांत! विश्वविक्रम होता ३ मिनिटं २६ सेकंदांचा.

नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सेनने २०१८ मध्ये, सतराव्या वर्षी, बर्लिनला युरोपचं अजिंक्यपद ३:३८.१० वेळेत जिंकलं. तीनच आठवड्यांपूर्वी मोनॅकोत तो ३:३१.१८ धावला होता. नुसतं बर्लिनचं घड्याळ पाहणाऱ्याला हा पोरगा कळलाच नसता. दुसऱ्या दिवशी त्याने पाच हजार मीटरही जिंकली. २०२१ मध्ये टोकियोत ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं, वेळ ३:२८.३२.

तेव्हा संथ शर्यतीत एकूण वेळ बघू नये. शेवटची फेरी किती सेकंदांत झाली, गर्दीत जागा कशी धरली, ते बघावं. पण अशी शर्यत दमसास दाखवत नाही. त्यासाठी पहिल्या पावलापासून वेगाची शर्यत हवी.

भाच्याला म्हटलं, ‘जिंकलास, बेटा. बाकीचं अजून कुणालाच ठाऊक नाही.’