आपल्या शिवारातील झाडे : कोठे कोणती आणि का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गावांची नावे वाचीत गेल्यास बोरगाव, बाभूळगाव, पिंपळगाव, वडगाव, पळसवाडी अशी नावे वारंवार भेटतात. गाव वसले त्या वेळी तेथे जे झाड ठळकपणे नजरेत भरत होते, त्याचेच नाव गावास मिळाले असावे. ते झाड आज त्या गावी आहे काय? असल्यास शिवाराच्या कोणत्या भागात आहे? नसल्यास ते का गेले? हे तीन प्रश्न चौथीच्या वर्गात विचारले, तर उत्तर शोधण्यासाठी मुलांना शाळेबाहेर जावे लागेल. वनस्पतींच्या पाठाचा खरा आरंभ तेथेच होतो.

पाठ्यपुस्तकात मूळ, खोड, पान, फूल आणि फळ यांची माहिती असते. ती आवश्यकच आहे. परंतु निसर्गात कोणतीही वनस्पती एकटी राहत नाही. बाभळीखाली ठरावीक गवत उगवते, ओढ्याकाठी उंबराजवळ करंज दिसतो, मुरमाड टेकडीवर तरवडाची दाटी होते. एका जागी एकत्र वाढणाऱ्या अशा वनस्पतींच्या समुदायास वनस्पतिसमूह म्हणतात. एकाच गावाच्या शिवारात असे तीन-चार निरनिराळे समूह असतात. त्यांची रचना कशाने ठरते, हे शिक्षकांस समजले म्हणजे गावाचे शिवार हीच एक मोठी प्रयोगशाळा होते.

चाळणीचा दृष्टान्त

खळ्यावर धान्य चाळताना एकामागून एक चाळण्या वापरतात. पहिलीतून काही निघून जाते, दुसरीतून आणखी काही, आणि शेवटी जे उरते तेच पोत्यात भरले जाते. वनस्पतींचेही असेच आहे. वारा, पाणी, पक्षी, गुरे आणि माणसे यांच्यामार्फत एखाद्या जागी अनेक जातींचे बी येऊन पडते. त्यांपैकी पुष्कळसे रुजतही नाही. पाऊस ही पहिली चाळणी, जमीन ही दुसरी, ऊन व उतार ही तिसरी, चरणारी गुरे ही चौथी, आणि शेजारी उभ्या असलेल्या वनस्पती ही पाचवी. या सर्वांतून जे पार पडते, ते त्या जागेचे रहिवासी ठरते.

वनस्पतिसमूह म्हणजे नेमके काय, याविषयी विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत दोन मते होती. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली असे मांडले की, वनस्पतिसमूह हा एखाद्या सजीवासारखा जन्मतो, वाढतो आणि प्रौढ होतो. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली त्याविरुद्ध असे प्रतिपादन केले की, प्रत्येक जाती आपापल्या गरजांप्रमाणे जागा धरते, आणि ज्यांच्या गरजा जुळतात त्या एकत्र दिसतात. पुढील संशोधनाचा कल बव्हंशी ग्लीसन यांच्या बाजूने गेला. मुलांना हे सोप्या शब्दांत सांगता येईल. समूहातील झाडांनी एकमेकांना निवडलेले नसते. एकाच परिस्थितीत तग धरू शकणारी म्हणून ती शेजारी झालेली असतात.

पाऊस आणि कोरडे महिने

सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत हा जिल्हा येतो. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेकडील वैजापूर तालुक्यात तो याहूनही कमी असतो. यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. म्हणजे येथील झाडांस वर्षातील सात-आठ महिने जवळजवळ पावसावाचून काढावे लागतात.

पानांवाटे पाण्याची वाफ सतत बाहेर पडत असते. मुळांना पाणी मिळेनासे झाले की हा खर्च परवडत नाही. म्हणून सालई, पळस, साग, धावडा ही झाडे कोरड्या दिवसांत पाने टाकतात. फाल्गुनात पळस निष्पर्ण होऊन केशरी फुलांनी भरतो, ते या काटकसरीचेच दृश्य रूप होय. अशा वनास शुष्क पानझडी वन म्हणतात. कन्नड तालुक्यातून जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावकडे पसरलेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य हे अशा वनाचे जवळचे उदाहरण आहे. ते १९८६ साली घोषित झाले असून सुमारे २६० चौरस किलोमीटरांचे आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सरासरी पावसापेक्षा वाईट वर्षे अधिक निर्णायक ठरतात. १९७२ किंवा २०१२-१३ सारख्या दुष्काळात ज्या जातीची मुळे खोलवर पोचलेली नसतात, ती जाती त्या जागेवरून उठते. पुढील दहा वर्षे चांगली गेली तरी तिचे बी जवळपास नसेल, तर ती परत येत नाही.

माथा, उतार आणि ओढा

जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हे १८०२ साली दक्षिण अमेरिकेतील चिंबोराझो पर्वतावर चढले. जसजशी उंची वाढे तसतशी थंडी वाढून वनस्पती पट्ट्यापट्ट्यांनी बदलतात, हे त्यांनी नोंदविले. आपल्या जिल्ह्यात इतके उंच पर्वत नाहीत. खुलताबादजवळील म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांहून अधिक उंच आहे, आणि छत्रपती संभाजीनगर शहर सुमारे ५७० मीटरांवर आहे. उंचीच्या या फरकाने तापमान फार तर दोन-तीन अंशांनी उतरते. तरीही म्हैसमाळच्या माथ्यावरून वेरूळच्या ओढ्यापर्यंत खाली आल्यास वनस्पती पुष्कळ बदलतात. याचे मुख्य कारण मातीची खोली व तीत टिकणारे पाणी हे होय.

हा सारा प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून बनला आहे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो, म्हणून आपल्या डोंगरांना पायऱ्यांसारखा आकार आलेला दिसतो. माथ्यावर व उतारावर माती वीतभरही नसते आणि पावसाचे पाणी वाहून जाते. तेथे गवत आणि खडकाळ जागी तगणारी सालई दिसते. कड्यांच्या फटींतून पिंपळ व पायर मुळे घालून उभे राहतात. उताराच्या पायथ्याशी वरून वाहून आलेली माती साठते. तेथे खोल व निचऱ्याची जमीन मागणारा साग वाढू शकतो. आणखी खाली, ओढ्याच्या काठी, उन्हाळ्यातही ओल असते. तेथे उंबर, जांभूळ, करंज व अर्जुन ही झाडे उभी असतात. ती उन्हाळ्यातही बहुधा हिरवी दिसतात. पाऊस सर्वत्र सारखाच पडला, परंतु पाणी टिकले वेगवेगळे, म्हणून समूह वेगळे झाले.

उताराच्या दिशेचाही परिणाम होतो. कार्तिकापासून माघापर्यंत सूर्य दक्षिणेकडून चालतो. त्यामुळे दक्षिणेकडे तोंड असलेला उतार लवकर सुकतो आणि उत्तरेकडील उतारावर ओल काही आठवडे अधिक राहते. ज्या गावाजवळ टेकडी आहे, तेथे दिवाळीनंतर दोन्ही बाजूंचे गवत पाहिल्यास हा भेद बहुधा डोळ्यांनी दिसतो.

काळी जमीन

गोदावरीकाठच्या पैठण, गंगापूर भागातील खोल काळी जमीन सुपीक खरी, परंतु प्रत्येक झाडास ती मानवत नाही. पावसात ती फुगून चिकट होते, तिच्यातील हवा कोंडते, आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. भेगा पडताना कोवळी मुळे तुटतात. सागासारखे झाड पाणी तुंबणाऱ्या जमिनीत तग धरीत नाही. बाभूळ मात्र ही जमीन सहन करते, शिवाय तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. म्हणून बांधांवर बाभूळ दिसते. तणांतही अशीच निवड होते. कुंदा, हराळी व लव्हाळा यांची खोडे किंवा गाठी जमिनीखाली राहतात. नांगराने वरचा भाग गेला तरी ती पुन्हा फुटतात, म्हणूनच शेतात टिकतात.

गुरे, कुऱ्हाड आणि नवे पाहुणे

गुरे चरताना निवड करतात. मारवेल, पवन्या यांसारखी गोड गवते ती आधी खातात. बी धरण्यापूर्वीच ही गवते पुनःपुन्हा खाल्ली गेली, की माळावर ती विरळ होतात आणि न खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींना जागा मोकळी मिळते. तरवडास गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. म्हणून एखादी टेकडी तरवडाने भरलेली दिसली, तर तेथे चराई जड झाली आहे असा अंदाज करावा. तो पडताळण्यास कुंपणाच्या आतील व बाहेरील जागा ताडून पाहावी.

बाहेरून आलेल्या वनस्पतीही याच चाळण्यांतून जातात. सीताफळ मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील. खडकाळ जमीन त्यास चालते व त्याची पाने शेळ्याही खात नाहीत. म्हणून दौलताबादच्या डोंगरउतारांवर ते येथलेच असल्यासारखे रुजले. गाजरगवतही अमेरिकेतलेच. ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज गावोगावी आहे. एक झाड हजारो बिया टाकते, गुरे ते खात नाहीत, आणि त्यातून निघणारी द्रव्ये शेजारच्या वनस्पतींचे रुजणे रोखतात. मोकळी, उकरलेली जमीन मिळाली की ते पसरते. दाट गवत असलेल्या जागी मात्र त्यास शिरकाव कठीण जातो.

परिस्थिती बदलली की समूह बदलतो, याचे मोठे उदाहरण पैठण येथे आहे. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. जेथे शेते व बाभळी होत्या, तेथे नाथसागर पसरला. पाण्यात बुडून राहणाऱ्या वनस्पती आल्या, काठावर बेशरमाची झुडपे वाढली, आणि पाठोपाठ पाणपक्षी आले. १९८६ साली या जलाशयास पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. एका पिढीच्या आत एक समूह जाऊन दुसरा आला, आणि त्यास कारण झाले केवळ पाणी.

माळ म्हणजे पडीक नव्हे

झाडे कमी असलेली गवताळ जमीन पाहिली की तेथे पूर्वी घनदाट जंगल होते व ते माणसाने तोडले, असे आपण सहज म्हणतो. डोंगराळ भागात पुष्कळ ठिकाणी हे खरेही आहे. परंतु सर्वत्र तसे नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या पर्जन्यछायेतील प्रदेशाविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील रानझाडांचे उल्लेख तपासण्यात आले. त्यांतील बहुसंख्य झाडे उघड्या, काटेरी माळरानावर वाढणारी निघाली. म्हणजे असे माळ कित्येक शतकांपासूनचे आहेत. गवताचे माळ हाही एक पूर्ण वनस्पतिसमूह आहे. त्यावर जनावरांचा चारा, चंडोलासारखे पक्षी आणि मातीची धूप थांबविणारे मुळांचे जाळे अवलंबून असते. तेथे दाट झाडे लावणे म्हणजे रिकामी जागा भरणे नसून भरलेली जागा मोडणे होय.

शाळेत करावयाचे काम

दर वर्षी जुलैत वृक्षारोपण होते. अनेक शाळांत त्याच खड्ड्यांत, त्याच मुरमात, पुन्हा तीच रोपे लावली जातात आणि वैशाखापर्यंत ती वाळतात. यात रोपांचा नाश होतो, तो भरून काढता येईल. परंतु लावलेले झाड मरावयाचेच, ही समजूत मुलांच्या मनात रुजते, ती काढणे कठीण असते. म्हणून लावण्यापूर्वी पाहणे हा नियम असावा. त्यासाठी पुढील उपक्रम कोणत्याही शाळेत खर्चावाचून करता येईल.

(१) माथा किंवा माळ, शेताचा बांध आणि ओढ्याचा काठ अशा तीन जागा निवडाव्यात. चार खुंट्या व सुतळी घेऊन प्रत्येक जागी एक मीटर लांब व एक मीटर रुंद चौकट आखावी. चौकटीतील वनस्पतींच्या जाती व त्यांची संख्या मोजावी. नाव ठाऊक नसल्यास पान वहीत दाबून ठेवावे व त्यास क्रमांक द्यावा. मोठ्या झाडांसाठी चौकटीभोवती वीस पावलांपर्यंत पाहावे.

(२) त्याच जागी काठीने किंवा सळईने मातीची खोली पाहावी. मूठभर माती ओली करून तिची वळी होते की ती फुटते, हे नोंदवावे. वळी झाली तर माती चिकण, फुटली तर वाळूची किंवा मुरमाड समजावी.

(३) हीच पाहणी भाद्रपदात एकदा व फाल्गुनात एकदा करावी. कोण टिकले, कोण गेले आणि कोणाची पाने गळली, याचा तक्ता वर्गात लावावा.

(४) मुलांनी घरच्या आजी-आजोबांस विचारावे : त्यांच्या लहानपणी या जागी काय होते? १९७२ च्या दुष्काळानंतर कोणते झाड दिसेनासे झाले?

पाहणीच्या वेळी मुलांनी पायांत जोडे घालावेत, दगड उलटू नयेत, आणि गाजरगवत उघड्या हाताने उपटू नये, कारण त्याने पुष्कळांच्या अंगास खाज सुटते.

असे दोन-तीन वर्षांचे तक्ते जमले म्हणजे कोठे काय लावावे, हे शाळेस दुसऱ्यास विचारावे लागणार नाही. मुरमात हिवर, बोर व सीताफळ, ओढ्याकाठी करंज व जांभूळ, काळ्या जमिनीच्या बांधावर बाभूळ, आणि चांगल्या गवताच्या माळावर काहीच नवे न लावता केवळ चराईचे राखण, असे उत्तर शिवारच देईल. त्याप्रमाणे लावलेली दहा रोपे वैशाखात हिरवी दिसली, तर मुलांचा या पाठावर विश्वास बसेल.