दुःस्वप्नलोकाचे वाचन आणि निबंधाची वही

सर टॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ लिहून एका आदर्श बेटाचे चित्र रेखाटले. विसाव्या शतकातील लेखकांनी ते बेट उलटे करून दाखविले. झाम्यातिन यांची ‘वुई’, हक्स्ली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’, ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’, ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही त्या परंपरेतील ठळक नावे. इंग्रजीत या प्रकारास डिस्टोपिया म्हणतात. आपण त्यास दुःस्वप्नलोक म्हणू. ज्या राज्यात सर्व काही सुरळीत आहे, परंतु माणूस तेवढा हरवलेला आहे, असे हे रामराज्याचे दुसरे टोक होय.

एकेकाळी ठिकठिकाणी बंदी असलेली ही पुस्तके आता क्रमिक पुस्तके झाली आहेत. अमेरिकेतील हायस्कुलांत ती कित्येक वर्षे शिकविली जात आहेत. इंग्लंडमधील ओसीआर या परीक्षामंडळाने २०१५ साली सुरू झालेल्या ए-लेव्हलच्या साहित्य अभ्यासक्रमात ‘डिस्टोपिया’ हा स्वतंत्र विषय ठेवून त्यात ऑर्वेल आणि मार्गारेट अ‍ॅटवुड यांच्या कादंबऱ्या नेमल्या. आपल्याकडेही अकरावी-बारावीतील वाचणारी मुले या पुस्तकांकडे आपण होऊन वळतात. त्यात नवल नाही. सोळाव्या वर्षी घरातील आणि शाळेतील प्रत्येक नियम जुलमीच वाटत असतो!

वाचन होते, अडते ते लेखनाशी. या कादंबऱ्यांवरील विद्यार्थ्यांचे निबंध पाहावेत तर त्यांत एक वाक्य हमखास आढळते: ऑर्वेल यांची भविष्यवाणी आज तंतोतंत खरी ठरली आहे. पुढे रस्त्यावरील कॅमेरे, मोबाइल, समाजमाध्यमे यांची यादी येते आणि शेवटी सावधगिरीचा इशारा. हे वाक्य खोटे आहे असे नव्हे. ते कोणीही, पुस्तक न उघडता, लिहू शकतो, हा त्यातील दोष आहे. ऑर्वेल यांच्या कादंबरीतच अशा बोलण्यास एक शब्द योजिला आहे. मेंदूचा संबंध न येता केवळ घशातून निघणारे बोलणे म्हणजे ‘डकस्पीक’, बदकाची वाणी. त्याच कादंबरीत गोष्टी रचणारी यंत्रे आहेत आणि माणसाचा हात न लागता गाणी जुळविणारे ‘व्हर्सिफिकेटर’ नावाचे उपकरणही आहे. हव्या त्या विषयावर क्षणार्धात निबंध लिहून देणारी संगणकीय साधने आज मुलांच्या हाती आली आहेत. गाइडाचे काम यंत्राने घेतले एवढाच त्यात फरक. हुकूमशाहीवरील उत्तम निबंध स्वतः विचार न करता लिहून पूर्ण गुण मिळविता येत असतील, तर त्या तासात मुलाने नेमके काय शिकले?

यावर उपाय म्हणून थोर तत्त्वांऐवजी एका शब्दापासून आरंभ करणे मला अधिक हितावह वाटते. ‘नाइन्टीन एटी-फोर’च्या पहिल्याच वाक्यात घड्याळे तेराचे टोल देतात. रेल्वेचे वेळापत्रक पाहण्याची सवय असलेला आपला विद्यार्थी म्हणेल, तेरा म्हणजे दुपारचा एक. त्यात काय विशेष? त्याला तेथेच थांबवावे. वेळापत्रकात तेराचा आकडा छापणे निराळे आणि घड्याळाने तेरा टोल देणे निराळे. उद्या राजाबाई टॉवरच्या घड्याळाने तेरा ठोके दिले तर खालून जाणारे लोक मान वर करून पाहतील. कादंबरीत मान वर करून पाहणारा कोणी नाही. ही शेवटची गोष्ट मुलाने स्वतः शोधून दोन ओळींत लिहिली, की विश्लेषणाची सुरुवात झाली.

ऑर्वेल यांच्या नवभाषेचा, म्हणजे ‘न्यूस्पीक’चा पाठ तर मराठीच्या तासालाही घेता येईल. तीत ‘वाईट’ हा शब्दच नाही. ‘चांगला’ला नकार जोडला की काम भागते. फळ्यावर लिहावे: नासके दूध, खवट खोबरे, हिणकस सोने, कुटिल डाव. मग प्रत्येक विशेषण पुसून तेथे ‘अचांगला’ हा एकच शब्द बसवावा. अचांगले दूध, अचांगले खोबरे येथवर वर्ग हसेल. ‘कुटिल’ पुसल्यावर मात्र विचारावे, की कोणी तुमच्याविरुद्ध असा डाव टाकला आणि तो शब्दच भाषेत उरला नसेल, तर तक्रार कशी कराल? सत्तेला शब्दकोश लहान का करावासा वाटतो, हे मग मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

परंतु लेखन शिकविण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे प्रकरण पहिलेच होय. कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ हा सेनापती नाही की क्रांतिकारक नाही. तो सत्य खात्यातील एक कारकून आहे. फायली पाहणे, जुन्या मजकुरात दुरुस्त्या करणे हे त्याचे काम. (कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना त्याचे हे काम चांगलेच समजेल.) हा मनुष्य जुन्यापुराण्या वस्तूंच्या दुकानातून पिवळसर कागदाची एक सुरेख वही आणतो आणि टेलिस्क्रीनच्या नजरेआड बसून रोजनिशी लिहू लागतो. प्रथम तारीख घालतो, ४ एप्रिल १९८४. लगेच त्याच्या ध्यानी येते, की हे वर्ष १९८४ च आहे याचीही त्याला खात्री नाही. मग आपण हे कोणासाठी लिहीत आहोत, असा प्रश्न त्याला पडतो आणि हात थबकतो. अखेरीस आदल्या रात्री पाहिलेल्या युद्धपटाचे वर्णन तो भराभरा लिहून काढतो. निर्वासितांच्या नौकेवर बाँब पडतात, प्रेक्षक खूश होतात, आणि हा स्वतःही प्रथम त्याच सुरात लिहितो. लिहिता लिहिता विरामचिन्हे गळतात, मोठी अक्षरे गळतात, वाक्ये एकमेकांत मिसळतात.

आता याच्या शेजारी पुढील एक प्रसंग ठेवावा. हाच विन्स्टन कचेरीत कॉम्रेड ऑगिल्व्ही नावाचा एक शूर सैनिक कल्पनेने निर्माण करतो. तासाभरापूर्वी जो मनुष्य अस्तित्वातच नव्हता, त्याचे बालपण, पराक्रम, वीरमरण सारे तयार होते. मजकूर सफाईदार असतो. एकच लेखक, दोन लेखनप्रकार. निर्दोष लेखनात तो खोटे रचीत आहे आणि अडखळत, चुका करीत तो खऱ्याच्या जवळ जात आहे. तांबडी पेन्सिल घेऊन बसलेल्या आम्हा शिक्षकांना या विरोधाने थोडे अस्वस्थ करावयास हवे. म्हणून शुद्धलेखन सोडून द्यावे असे कोणी समजू नये. १९४६ साली राजकारण आणि भाषा यांवर लिहिताना ढिसाळ गद्याची झाडाझडती घेणारे ऑर्वेलच होते. परंतु हे प्रकरण संपल्यावर पंधरा मिनिटे मुलांनी तारीख घालून स्वतःसाठी काही लिहावे आणि त्या वह्या शिक्षकाने गोळा करू नयेत, एवढे करून पाहण्यास हरकत नाही. त्यानंतर विन्स्टनवर लिहिलेला निबंध निराळा उतरतो.

भविष्यवाणीचे भूत उतरविण्यासाठी थोडा इतिहास लागतो, फार नव्हे. ऑर्वेल यांनी शिधापत्रिकांच्या काळातील लंडन, स्टालिन यांच्या राजवटीतील खटले आणि युद्धकाळातील प्रचारयंत्रणा पाहिली होती. त्या यंत्रणेत त्यांनी स्वतः कामही केले. १९४१ ते १९४३ या काळात ते बीबीसीच्या पौर्वात्य विभागात होते. त्यांनी इंग्रजीत लिहिलेली युद्धविषयक वार्तापत्रे मराठी, गुजराती, बंगाली इत्यादी भाषांत अनुवादून हिंदुस्थानासाठी प्रक्षेपित केली जात, आणि कोल्हापूरकडच्या वेणू चितळे या तेथे त्यांच्या सहकारी होत्या. सेन्सॉरच्या संमतीवाचून मजकूर ध्वनिक्षेपकासमोर जात नसे. तेव्हा सत्य खात्याची कल्पना त्यांनी ज्योतिषाकडून आणली नव्हती. आपल्याकडील विद्यार्थ्यांना २८ जून १९७५ च्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मधील अग्रलेखाची कोरी जागा ग्रंथालयात नेऊन दाखवावी आणि तिच्यावर एक परिच्छेद लिहावयास सांगावे. मजकूर नसलेल्या मजकुराचे विश्लेषण करणे हा उत्तम व्यायाम आहे.

तुलनात्मक निबंधात साम्य आणि भेद यांचे दोन रकाने भरण्यापेक्षा एकच प्रश्न धरावा: माणसे गप्प का बसतात? ऑर्वेल म्हणतात, भयाने. हक्स्ली म्हणतात, सुखाने. १९४९ च्या ऑक्टोबरात ऑर्वेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला मार्गच राज्यकर्त्यांना अधिक सोयीचा वाटेल, असे मत कळविले होते. (ईटनच्या शाळेत हक्स्ली हे काही काळ ऑर्वेल यांचे फ्रेंचचे शिक्षक होते!) ब्रॅडबरी यांचे उत्तर तिसरे: लोकांनीच आधी वाचणे सोडले, पुस्तके जाळणारे नंतर आले. गंमत अशी, की पुस्तके जाळण्याविरुद्धच्या या पुस्तकाचीच १९६७ पासून शाळांसाठी एक सोवळी आवृत्ती निघत होती. तीत शिव्या गाळलेल्या होत्या, सुमारे पाऊणशे ठिकाणी फेरफार होते. ही गोष्ट आपल्याला विद्यार्थ्यांच्या पत्रांतून कळली, असे ब्रॅडबरी यांनी १९७९ साली लिहिले आहे. पुढे मूळ संहिता पूर्ववत छापली गेली. पाठ्यपुस्तक पडताळून वाचणारी मुले असू शकतात, याचा हा पुरावा प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगावा.

शिक्षकाचे स्वतःचे राजकीय मत ही या विषयातील अवघड जागा. काही जण भीतीने पुस्तकच टाळतात, काही जण पुस्तकाच्या खांद्यावरून आपल्या पक्षाची बंदूक चालवितात. सोव्हिएत संघात ‘नाइन्टीन एटी-फोर’वर १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बंदी होती, इकडे फ्लोरिडातील जॅक्सन काउंटीत १९८१ साली तीच कादंबरी साम्यवादाच्या बाजूची असल्याचा आक्षेप घेण्यात आला. हे दोन्ही आक्षेप वर्गापुढे ठेवावेत आणि प्रत्येकाला पुस्तकातील कोणत्या पानांचा आधार घेता येईल, ते शोधण्यास सांगावे. शिक्षकाने त्या तासाला कमी बोलावे.

अखेर परिशिष्टाविषयी. नवभाषेची माहिती देणारे हे परिशिष्ट पुष्कळ विद्यार्थी वाचतच नाहीत, कारण गोष्ट त्यापूर्वीच, विन्स्टनच्या पराभवाने, संपलेली असते. परंतु ते भूतकाळात लिहिले आहे. नवभाषा अशी अशी होती, तिच्यात असे शब्द होते, अशी त्याची रचना. तेही नवभाषेत नव्हे, साध्या इंग्रजीत. ते कोणी लिहिले? केव्हा? ती राजवट तोवर कोसळली होती काय? अ‍ॅटवुड यांनी या परिशिष्टाचा अर्थ आशेच्या बाजूने लावला आणि १९८५ च्या ‘द हँडमेड्स टेल’चा शेवटही दूरच्या भविष्यातील एका विद्वत्परिषदेने केला. हा निव्वळ निवेदनाचा संकेत आहे, असे म्हणणारे अभ्यासकही आहेत. क्रियापदांचे काळ तपासून आठ ओळींत आपले मत लिहा, एवढाच प्रश्न घालावा. होय म्हणणाऱ्यास गुण द्यावे लागतील, नाही म्हणणाऱ्यासही द्यावे लागतील. परिशिष्ट न उघडणाऱ्यास मात्र देता येणार नाहीत.