घर घेताना वकील : नेहमीचे प्रश्न

बँकेचा वकील कागद तपासतो, मग आपला कशाला?
बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का, हे पाहतो. करारातली जाचक कलमं, ताब्याची तारीख, सोसायटीची थकबाकी ही काळजी तुमची. ती वाहणारा माणूसही तुमचाच हवा. म्हणूनच विक्रेत्याच्या किंवा बिल्डरच्या वकिलावर विसंबू नका.

आपला वकील नेमकं काय करतो?
साधारण 30 वर्षांचा ‘सर्च’ घेतो : दुय्यम निबंधक कार्यालयातली सूची-2, सातबारा व फेरफार किंवा मिळकत पत्रिका, जुन्या खरेदीखतांची साखळी. एखाद्या वारसाची सही राहिली आहे का, गहाणाचा बोजा आहे का, हे त्यातून कळतं. नव्या प्रकल्पाची महारेरा नोंदणीही तो पाहतो.

त्याच्याकडे कधी जावं?
टोकन देण्याआधी. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला रेरा कायद्याने बिल्डरला मनाई आहे.

नोटरी केलेला करार पुरतो का?
नाही. 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सही झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदणीसाठी सादर करावा लागतो.

फी कशी ठरवावी?
आधी आणि लेखी. सर्च, मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी यांतलं काय तीत येतं, ते विचारा; मुद्रांक शुल्क व नोंदणी फी वेगळी. वकिलाच्या सहीचा ‘सर्च’चा अहवाल मात्र आवर्जून मागून घ्या. पुढे घर विकतानाही तो कामी येतो.