लोणारच्या मापाने समुद्र

बुलढाणा जिल्ह्यापासून समुद्र चारेकशे किलोमीटर लांब. तरीही दर्यावर्द्यांचं रोजच्या वापरातलं माप या जिल्ह्यात जमिनीत कोरलेलं आहे. लोणारच्या उल्काविवराचा व्यास सुमारे १८३० मीटर आणि सागरी मैल १८५२ मीटरचा. हा निव्वळ योगायोग, पण हिशेबाला फार सोयीचा. सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरची एक कला, अंशाचा साठावा भाग. लोणार १९ अंश ५८ कला उत्तरेला आहे. म्हणजे इथून सरळ दक्षिणेला निघालं, तर विषुववृत्तापर्यंत जवळपास १२०० लोणार एकापुढे एक मावतील. अख्ख्या पृथ्वीला वेढा घालायला २१,६०० लागतील.

आता हे माप घेऊन बोटीवर चढू. सुकाणू धरणाऱ्याची दिशा एका अंशाने चुकली, तर ६० सागरी मैलांनंतर बोट साधारण एक लोणार बाजूला गेलेली असते. मुंबई ते एडन हे अंतर सुमारे १६५० सागरी मैल. तोच एक अंश तिथवर तसाच राहिला, तर चूक २९ लोणारांची, म्हणजे ५३ किलोमीटरची होते. आणि एक अंश म्हणजे किती? जुन्या होकायंत्राच्या तबकडीवर ३२ दिशा असत आणि दोन दिशांमध्ये सव्वाअकरा अंशांचं अंतर. डोलणाऱ्या बोटीत, हलत्या सुईवर त्यातला अकरावा हिस्सा नजरेने पकडायचा!

बरं, नजर कितीही तयार असली तरी सुई खरी उत्तर दाखवतच नाही. ती दाखवते चुंबकीय उत्तर. या दोन उत्तरांमधला कोन म्हणजे दिक्पात. आपल्याकडचे लोक याबाबतीत नशीबवान म्हणायचे. मुंबईपासून बुलढाण्यापर्यंत तो एका अंशाहूनही कमी आहे. केपटाऊनजवळ मात्र सुई पंचवीसेक अंश पश्चिमेला झुकते. तिथे दिक्पाताची वजाबाकी विसरणारा साठ मैलांत एक नव्हे, पंचवीसेक लोणार भरकटेल.

हा आकडा पाठ करून ठेवावा, तर तोही टिकत नाही. १ जून १८३१ रोजी जेम्स क्लार्क रॉस कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर चुंबकीय उत्तर ध्रुवापाशी पोचला. आज तो ध्रुव तिथे नाही. तो सायबेरियाच्या दिशेने तेराशेच्या आसपास लोणार सरकला आहे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याचा वेग वर्षाला ५० किलोमीटरच्या पुढे गेला होता. जगभरचा दिक्पात सांगणारं, दर पाच वर्षांनी निघणारं जागतिक चुंबकीय प्रारूप त्यामुळे २०१९ मध्ये मुदतीआधीच दुरुस्त करावं लागलं. हल्ली वेग ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणजे एक लोणार ओलांडायला जेमतेम वीस दिवस.

लोणारला गेलेल्या माणसाला एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: इथे होकायंत्र वेडं होतं. यात खरं किती? आपल्याकडे सुईला धरून ठेवणारं, पृथ्वीचं आडवं चुंबकीय बळ सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला. विवराच्या पाहणीत आढळलेला फरक काही शे नॅनोटेस्लांचा. तो सगळाच्या सगळा सुईला आडवा लागला, तरी ती एखाद्या अंशाने हलेल. वेडबिड काही नाही. पण काठावरचा एखादा काळा धोंडा होकायंत्राला अगदी भिडवा. बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात आणि सुई खरंच वळू शकते. अशी ओढ अंतराच्या घनाने घटते. दुप्पट लांब गेलात तर एक अष्टमांश, दहापट लांब गेलात तर एक हजारांश. बोटीच्या केबिनमध्ये होकायंत्राला खेटून ठेवलेला मोबाइल किंवा स्पीकर म्हणूनच खोडी काढतो आणि चार हात दूर सरकवला की निमूट होतो.

बेसाल्टची ही खोड आपल्या शास्त्रज्ञांना चांगली ठाऊक होती. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत. २ सप्टेंबर १८५९ च्या सौर वादळात तिथे पृथ्वीचं आडवं बळ सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरलेलं नोंदलं गेलं. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडल्या असत्या, म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. तिथे अवतीभवती काळा पाषाण हवा तेवढा होता, पण इमारतीला वापरला तो पोरबंदरचा वालुकाश्म, आणि लोखंडाऐवजी पितळ-तांबं.

अलिबागने टाळलेल्या त्या काळ्या दगडानेच सरकण्याचा सगळ्यात मोठा आकडा दिला आहे. थिजलेला लाव्हा निवताना त्यातल्या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने कायमचं गोठतं. शिवाय ते किती कललंय, यावरून त्या जागेचा अक्षांश काढता येतो. १९५० च्या दशकात लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी दख्खनचे दगड असे वाचले. हिशेब निघाला तो असा, की ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, लाव्हा वाहत होता तेव्हा, हा प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तिसाव्या अक्षांशाच्या आसपास होता. तिथून आजच्या विसाव्या उत्तर अक्षांशापर्यंत ५० अंश, म्हणजे ३००० लोणार. सरासरी वर्षाला आठ सेंटिमीटर.

ही चाल अजून थांबलेली नाही. आता ती ईशान्येकडे, वर्षाला पाचेक सेंटिमीटर. विवराचं वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं निघतं, दुसरीने ५ लाख ७० हजार. पहिलं धरलं, तर उल्का आदळली ती जागा आजच्या विवरापासून दीड लोणार नैऋत्येला होती. दुसरं धरलं, तर पंधरा-सोळा लोणार.